अटीवरचा संसार

एल्फ माणसांत राहतात, त्यांच्यातली एखादी माणसाच्या प्रेमात पडते, अशी कादंबरी मराठीत लिहायला घेतली की पहिला मोह रूपाचा होतो. टोकदार कान, चंदेरी केस, न सरणारं तारुण्य. टोल्किनपासून हा सरंजाम आयता मिळतो, आणि लेखक तो उचलतोही. पण टोल्किनची एल्फकन्या ल्यूथिएन लक्षात राहते ती माणसाशी संसार म्हणजे अमरत्वावर पाणी सोडणं, या अटीमुळे. अमानुष प्रेयसीची कथा अटीवर चालते, असं माझं मत आहे, आणि त्याचा आपल्याकडचा पुरावा फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ९५व्या सूक्तात उर्वशी पुरूरव्याला सोडून निघालेलीच भेटते; का निघाली, ते शतपथ ब्राह्मण सांगतं. नवरा तिला विवस्त्र दिसता कामा नये, ही तिची अट. तिच्या पलंगाशी मेंढी आणि दोन कोकरं बांधलेली. गंधर्व रात्री एक कोकरू पळवतात, मग दुसरं. इथे कुणी मर्द नाही की काय, असं ती ओरडते. वस्त्र नेसण्यात वेळ जाईल म्हणून पुरूरवा तसाच झेपावतो, गंधर्व वीज चमकवतात आणि खेळ संपतो. बायकोच्या हाकेला धावणं हाच त्याचा गुन्हा ठरला! मी काहीही केलं तरी जाब विचारायचा नाही, ही गंगेने शंतनूला घातलेली अट यापुढे ढोबळ वाटते. हा कधीतरी जाब विचारणार, हे पहिल्याच मुलाच्या वेळी कळतं.

यावर कुणी म्हणेल, पुराणकथेला एक अट पुरते, कादंबरीची तीनशे पानं तिच्यावर कशी भरणार? ती भरतात शेजारपाजाराने, आणि म्हणून गाव नीट निवडावं लागतं. मी कर्नाटकातलं, बेळगावजवळचं येळ्ळूर निवडेन. राजहंसगडाच्या पायथ्याची भातशेती, चांगळेश्वरीची जत्रा, घरात मराठी आणि कचेरीत कन्नड. ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक २०१४च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशावरून हटवला गेला. लिहिलेल्या नावाचं वजन या गावाला वेगळं सांगायला नको. तेव्हा नायिकेची अट अशी: तिचं नाव कुठल्याही कागदावर चढता कामा नये. मग रेशनकार्ड, मतदारयादी, पोराचा शाळेतला दाखला, बचत गटाचं पासबुक, सगळीकडे तिला चुकवाचुकवी करावी लागेल, आणि प्रत्येक चुकवाचुकवीत नवरा तिला थोडा जास्त ओळखेल. शेवटी आपल्यामागे हिचं काय, या काळजीने तोच शेताच्या उताऱ्यावर तिचं नाव लावेल.

याहून खरा आक्षेप असा की एवढ्याने ती सीमाप्रश्नाचं रूपक होऊन बसेल. धोका आहेच. ती मराठी आणि कचेरी कन्नड अशी मांडणी केली की प्रेमकथा मेली म्हणून समजा. म्हणून तिला दोन्ही भाषा सारख्याच याव्यात, आणि नाव चढवणारा कारकून मनापासून मदत करणारा असावा. अट तिच्या लोकांची आहे, सरकारची नाही. तिला एल्फ म्हणा की विहिरीवरची आसरा, फरक पडत नाही. मात्र अट मोडल्यावर तिला जावंच लागेल, तिथे लेखकाने दयामाया दाखवू नये. उर्वशीनेही पुरूरव्याला दिली ती वर्षअखेरची एकच रात्र.