गुडघ्यातले कलम

तीस वर्षे शेतकऱ्यांच्या बांधावर उभा राहून कलमांविषयी सांगत आलो. पण माणसाच्या गुडघ्यातही एका परीने कलमच करतात, हे मला पुतण्याच्या दुखण्यात कळले.

गावच्या यात्रेत कबड्डी खेळताना त्याचा पाय जमिनीत रुतून राहिला आणि अंग फिरले. कट्‌कन आवाज झाला, तासाभरात गुडघा सुजला. सूज उतरली, पण सरीतून चालताना गुडघा निसटू लागला. नगरला एमआरआय काढला. गुडघ्याच्या आतली दोरी, म्हणजे एसीएल, पार तुटली होती.

डॉक्टर म्हणाले, “ही शिवून सहसा सांधत नाही. त्याच्याच अंगातली दुसरी दोरी बसवू. कुठली घ्यायची ते ठरवा.” असे ऑपरेशन १९१७ सालीच इंग्लंडात हे ग्रोव्ह्‌ज नावाच्या सर्जनने मांडीतली पट्टी घेऊन केले होते.

वाटीखालची दोरी दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून काढतात. हाडाला हाड लवकर धरते, म्हणून जोमाने खेळणाऱ्या तरुणांना ती पुष्कळदा देतात. मात्र पुढे गुडघे टेकताना दुखण्याचा संभव अधिक. मांडीमागची दोरी घेतली तर तो त्रास कमी. पण हाडात मुरायला ती वेळ घेते आणि पाय मागे ओढण्याचे बळ थोडे उणे राहते. वाटीवरची किंवा घोट्याजवळची दोरीही चालते. मृत दात्याची मिळते, पण तरुण खेळाडूंत ती पुन्हा तुटण्याचे प्रमाण जास्त.

मी लगेच म्हणालो, “वाटीखालचीच घ्या.” डॉक्टरांनी माझ्याकडे न पाहता पोराला विचारले, “दिवसभर काय काम करतोस?”

“कांद्याची खुरपणी गुडघे टेकून करतो. गायी आहेत.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, कबड्डी आणखी दोन-चार वर्षं. शेत जन्माचं आहे.”

मी ओशाळलो. जमीन कशी आहे हे विचारल्याशिवाय मोसंबीचा खुंट मी कुणाला सुचवला नाही. घरच्या पोराला मात्र काही विचारले नव्हते. मांडीमागची दोरी बसवली.

चौथ्या महिन्यात तो न लंगडता चालू लागला. मीच म्हणालो, “आता चाऱ्याचा भारा उचलायला हरकत नाही.” व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दोघांनाही खडसावले. नवी दोरी आधी निर्जीव असते. तिच्यात रक्तवाहिन्या शिरून ती पुन्हा घडते, आणि त्या काळात ती उलट दुबळी असते. खेळायला निदान नऊ महिने, तेही पायातले बळ तपासून.

कोंब फुटला म्हणजे जोड पक्का झाला असे नव्हे, काठीचा आधार ठेवा, हे मीच शेकडो वेळा सांगितलेले!

आज तो दोन्ही वेळा धारा काढतो, खुरपणीला बसतो. यंदाच्या यात्रेत शिट्टी घेऊन पंच झाला. वाचकहो, घरात असा प्रसंग आला तर डॉक्टरांना दुखण्याबरोबर रोजचे कामही सांगा. आणि सांगायचे ते ज्याचा गुडघा आहे त्याला सांगू द्या.