रेगमाल

गाडीचा बंपर रंगवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ तो घासायला लागतो. ज्यांनी कधी हे केलं नाही त्यांना पटत नाही. मी गेले तीन रविवार जुळे सोलापुरातल्या आमच्या पार्किंगमध्ये दोन स्टुलांवर बंपर आडवा टाकून हेच करतेय. येणारे-जाणारे आधी बंपरकडे बघतात, मग माझ्या ओढणीकडे, मग "साहेब घरात नाहीत का?" असं विचारतात. साहेब घरातच असतात. भाजी चिरत असतात.

गाडी दहा वर्षं जुनी, दोन मालकांच्या हाताखालून गेलेली. शाळा तालुक्यात, एसटीच्या वेळा आपल्या सोयीच्या नसतात, म्हणून घेतली. इंजिन ठीक आहे, पण पुढच्या बंपरचा रंग या उन्हाळ्यात कांद्याच्या सालीसारखा सुटायला लागला. एका ठिकाणी नवा बंपरच घाला म्हणाले. माझा एक जुना विद्यार्थी डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, त्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, "टीचर, नवा कायको? घासलं की होतंय. मजुरी घासायचीच असते. तुम्ही घासा, रंग मी मारतो."

नववीनंतर त्यानं शाळा सोडली. मराठीच्या निबंधात तो कधी चार ओळींपुढे गेला नाही. बंपर उलटा करून मला समजावताना मात्र अर्धा तास बोलत होता, अर्धं दखनीत, अर्धं मराठीत. बंपरच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरं उठवलेली असतात, ती त्यानं दाखवली. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आपल्या बादल्या-खुर्च्यांचं असतं तेच प्लास्टिक. ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेलं रबर, धक्का बसला तर तडकू नये म्हणून. या प्लास्टिकला सहसा काहीच चिकटत नाही. त्यामुळे रंगाआधी प्लास्टिकचा वेगळा प्रायमर लागतो. आधीच्या कुणीतरी तो खर्च वाचवला होता, म्हणून आता साली निघताहेत. रंग काढायचं औषध लावू नका, प्लास्टिक मऊ पडतं. गरम हवेची बंदूक नको, वाकडं होतं. राहिला हात आणि कागद.

या कागदाला मराठीत काचकागद किंवा पॉलिश पेपर म्हणतात. दुकानात मी सवयीनं 'रेगमाल' मागितला, आणि म्हाताऱ्या दुकानदारानं चष्म्यावरून बघून लगेच काढून दिला. रेग म्हणजे वाळू, माल म्हणजे चोळणारा. दोन्ही फारसी. वाळूनं घासणारा तो रेगमाल. इतकं सरळ नाव कुठल्याही भाषेत सापडायचं नाही. आता त्यावर वाळू नसते, सिलिकॉन कार्बाइडचे काळे कण असतात. पाण्यात भिजवून वापरायचा कागद अमेरिकेत थ्रीएम कंपनीनं 1921 साली बाजारात आणला. त्याची कल्पना फ्रान्सिस ओकी नावाच्या शाई बनवणाऱ्या माणसाची. त्याआधी मोटारींचा रंग कोरडाच घासायचे आणि ती सगळी धूळ कामगारांच्या छातीत जायची. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तरी मी भिजवूनच घासते. एक बादली, त्यात साबणाचे चार थेंब, म्हणजे कागद रंगानं भरत नाही. गाळ खाली बसला की वरचं पाणी पुन्हा चालतं.

आधी धुणं महत्त्वाचं. गाडीला लावलेलं पॉलिश किंवा ग्रीस तसंच ठेवून घासलं तर ते ओरखड्यांत शिरतं आणि वर मारलेल्या रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. धुतल्यावर पाणी ओतून बघायचं. थेंब थेंब होऊन ओघळलं तर अजून तेलकट आहे. मग एकशेऐंशी नंबर, मग तीनशेवीस, मग सहाशे. खरखरीत कागद उघड्या प्लास्टिकवर जोरात चालवला तर त्याला लव उठते, गालिच्यासारखी, आणि ती काही केल्या बसत नाही. बोटांनी दाबलं तर चर पडतात, म्हणून स्लीपरचा तुकडा कागदाखाली धरायचा. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवायचा. डोळ्यांना न दिसलेली पायरी हाताला लागते.

माझ्या बंपरवर पांढऱ्याखाली चंदेरी निघाला, चंदेरीखाली काळपट प्रायमर. कडेनं घासत गेलं की रंगांची वलयं दिसतात, भूगोलाच्या पुस्तकातल्या डोंगराच्या नकाशासारखी. मला वाटलं होतं सगळंच काळ्या प्लास्टिकपर्यंत न्यायचं. तो नक्को म्हणाला. "जे सुटतंय ते काढायचं. जे धरून बसलंय ते ऱ्हाऊ द्यायचं, फक्त कड उतरवायची. नवा रंग त्याच्यावरच चांगला बसतो."

हा 'नक्को' तसा आमचा नाही, मराठीतल्या 'नको'चाच. दखनीनं तो उचलला आणि थेट हैदराबादेपर्यंत नेला. तिथं त्याच्यावर कुणी हक्क सांगत नाही.

गेल्या वर्षी एका प्रशिक्षणात माझी प्रश्नपत्रिका तपासणाऱ्यानं 'अर्ज', 'हजर' आणि 'तारीख' या शब्दांवर लाल रेघ मारली होती. समासात लिहिलं होतं, शुद्ध मराठी वापरा. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते, म्हणून हे शब्द माझ्याकडून आले असा त्यांचा समज झाला असावा. मी त्यांना एवढंच विचारलं, की ज्या कागदावर रेघ मारलीत तो कागद आणि पेनातली शाई यांचं काय करायचं? दोन्ही फारसीतूनच आलेत. माधव जूलियनांनी 1925 साली फार्शी-मराठी कोश काढला. हे माझं आवडतं पुस्तक. हेच जूलियन पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले, 1936च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. मला त्यात ढोंग दिसत नाही. काय काढायचं ते ठरवण्यासाठी आधी काय काय आहे ते मोजणारा माणूस निदान प्रामाणिक असतो. लाल रेघवाल्यांनी मोजलेलं नसतं. वर्गात मुलं विचारतात, "टीचर, 'दप्तर' आपला का त्यांचा?" तेव्हा मी त्यांना दप्तर उघडायला सांगते आणि धडा सुरू करते. पण मुलांना असा प्रश्न पडावा हे मला आवडत नाही. 'त्यांचा' म्हणताना त्यांचा आवाज बारीक होतो.

रंगाऱ्यांच्या बोलीत असला झगडा नसतो. पहिल्या थराला ते अस्तर म्हणतात, पांढऱ्या रंगद्रव्याला सफेता, तेलाच्या रंगाला रोगण, आणि याच ओळीत प्रायमर, थिनर, क्लिअर. काम होण्याशी मतलब. मतलब हाही फारसीतूनच आला, असो.

मला काळजी वेगळीच आहे. शेवटी जो चकचकीत क्लिअर कोट मारतात त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ आणि तुषार छातीत गेले तर दमा जडतो. एकदा शरीरानं मनावर घेतलं की पुढे थोड्याशा वाफेनंही श्वास अडकतो. वास येईपर्यंत थांबू म्हणावं तर उशीर झालेला असतो. हा पोरगा तोंडाला रुमाल बांधतो. रुमालानं धूळ थोडीफार अडते, वाफ अजिबात अडत नाही. सहा वर्षं झाली त्याला या कामाला, आणि सकाळी त्याला खोकला येतो हे मी पार्किंगमध्ये ऐकलंय. घासण्याच्या मजुरीचे जे पैसे वाचले त्यातून मी कोळशाचे डबे असलेला मास्क आणला. त्यानं हातात घेतला, उलटापालटा केला, म्हणाला, "टीचर, बेचाळीस डिग्रीत हे तोंडाला लावलं तर मी रंगाच्या आधी गरमीनंच मरंन." हे खोटं नाही. मी म्हटलं, पहाटे ये.

पुढच्या रविवारी पहाटे तो बंपर रिक्षात घालून वर्कशॉपात नेणार आहे. मीही बरोबर जाणार आहे. मास्क लागल्याशिवाय कॉम्प्रेसर चालू करायचा नाही, असं सांगून ठेवलंय. तो "हो टीचर" म्हणालाय. नववीतही असंच म्हणायचा.