हुकमाची ओळ

गेल्या महिन्यातली गोष्ट. संगणकाच्या तासाला सहावीतल्या एका मुलीने पडद्याच्या कोपऱ्यातल्या चित्राकडे बोट दाखवले आणि विचारले, "सर, लिहिलेलं जपून ठेवायचं असलं की ह्या कपाटावर का टिचकी मारायची?"

मी चष्मा सारून पाहिले. ते कपाट नव्हते, फ्लॉपी होती! साडेतीन इंची, चौकोनी, १.४४ मेगाबाइटची. मी तिचे वर्णन करून सांगितले आणि आजच्या मोबाइलवरचा एखादा फोटोही तिच्यात बहुधा मावायचा नाही, असे म्हणालो. वर्ग खो खो हसला. मला मात्र आमची अंकलिपी आठवली. 'ठ ठशाचा' असे आम्ही घसा फोडून म्हणत असू. पण ठसा कशाशी खातात हे वर्गातल्या एकाही पोराला ठाऊक नव्हते. म्हणून काही ठ यायचा राहिला नाही.

माझी आणि संगणकाची पहिली भेट चित्रांवाचून झाली. ते १९९८ साल होते. तालुक्याच्या गावी पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत एक क्लास निघाला होता. विंडोज ९५ बाजारात येऊन तीन वर्षे झाली होती, पण आमच्या यंत्रांपर्यंत ती वार्ता पोहोचली नव्हती. तिथे डॉसचे राज्य होते. काळाकुट्ट पडदा, डाव्या कोपऱ्यात सी हे अक्षर, पुढे दोन टिंबे, एक तिरकी रेघ, एक बाणाचे टोक आणि त्यापुढे लुकलुकणारी बारीकशी आडवी रेघ. ती रेघ म्हणजे दारात हात बांधून उभा असलेला गडी. 'बोला, काय हुकूम?' एवढेच तो विचारी. आपल्याला काय काय करता येते हे मात्र तो आपण होऊन कधी सांगत नसे.

इंग्रजीशी माझी ओळख मॅट्रिकपुरतीच. पण वीसपंचवीस शब्द मी वहीत उतरून घेतले, पाठ केले आणि मामलेदाराच्या ऐटीत खुर्चीवर बसू लागलो. डीआयआर म्हटले की गडी यादी आणून ठेवी, कॉपी म्हटले की नक्कल करी, रेन म्हटले की नवे बारसे करी. एखादे अक्षर चुकले की मात्र 'बॅड कमांड ऑर फाइल नेम' असे तोंडावर फेकून मोकळा होई. चूक कुठे झाली हे सांगण्याची त्याची पद्धत नव्हती. आमच्या गणिताच्या मास्तरांचीही नव्हती.

त्या ऐटीतच एके दिवशी घात झाला. क्लासने एका शाळेच्या गुणपत्रकांचे काम घेतले होते आणि चार दिवस खपून मी ते आकडे यंत्रात भरले होते. पाचव्या दिवशी जुना केरकचरा काढावा म्हणून मी डेल लिहिले, पुढे तारा, टिंब, तारा. ह्या मंत्राचा अर्थ असा की, समोर असेल ते सगळे पुसून टाक. मी उभा होतो भलत्याच कप्प्यात. गड्याने विचारले, सगळे जाईल, खात्री आहे ना? त्या वयात मला प्रत्येक गोष्टीची खात्री असे. मी वाय दाबला.

पडद्यावर काहीच झाले नाही. ना आवाज, ना धूर. पुन्हा ती रेघ लुकलुकू लागली.

ते आकडे मी सात रात्री जागून पुन्हा भरले. ह्याहून वाईट गोष्ट पुढे कित्येक वर्षांनी कळली. डॉसच्या पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून, अनडिलीट नावाचा एक हुकूम त्या गड्याला येत होता. पुसलेल्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसेल, तर पुसलेले परत आणता येई. औषध त्याच खोलीत होते. फक्त त्याचे नाव आम्हां कुणाला ठाऊक नव्हते. हुकमाच्या राज्यात ज्याचे नाव ठाऊक नाही ती वस्तू असून नसल्यासारखीच.

चित्रांच्या राज्यात असे होत नाही. विंडोज ९५ मध्ये पुसलेल्या कागदांसाठी केराची टोपलीच डोळ्यांसमोर मांडून ठेवलेली होती. तिचे नाव पाठ नसले तरी माणूस हिंडता हिंडता तिच्यापाशी पोहोचतो. मास्तरकीच्या भाषेत बोलायचे तर, चित्रांचा पडदा म्हणजे 'जोड्या लावा' आणि हुकमाची ओळ म्हणजे 'व्याख्या लिहा'. पहिल्या प्रश्नाला ओळख पुरते, दुसऱ्याला आठवण लागते. पहिल्यात नापास होणारा मुलगा मी अजून पाहिलेला नाही.

ही चित्रे आणि तो उंदीर हे काही एका दिवसात आले नाहीत. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट ह्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत भर सभेत उंदीर फिरवून दाखवला. त्यांचा पहिला उंदीर तर चक्क लाकडी होता. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधनशाळेत ऑल्टो नावाचे यंत्र तयार झाले, १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला, पुढच्याच वर्षी पहिले विंडोज आले, आणि मग चित्रांनी जग जिंकले. आता २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून ओळ लिहून हुकूम सोडायचे दिवस थोडेसे परत आले आहेत म्हणा! हा नवा गडी आपल्या शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालतो, आणि अधूनमधून ठाऊक नसलेले ठासून सांगतो.

चित्रांची थोरवी मला कुणी पटवली असेल तर ती माझ्या आईने. तिला अक्षरओळख नाही. पण 'हिरव्या गोळ्यातला फोन' दाबून ती पुण्याच्या बहिणीला रोज आवाज पाठवते. इतकी वर्षे ज्या कागदापत्रासाठी तिला दुसऱ्याचे तोंड धरावे लागले, ते सगळे एका हिरव्या गोळ्याने फिटले. हुकमाच्या ओळीने तिला जन्मभर दाराबाहेरच उभे केले असते.

हे माझे मत पक्के होते. गेल्या दिवाळीपर्यंत.

त्या संध्याकाळी मी घरी शाळेचे काम घेऊन बसलो होतो. परीक्षेच्या अर्जांसाठी मुलांचे १८६ फोटो पाठवायचे होते. सगळ्यांच्या नावापुढे जेपीईजी असे शेपूट होते आणि पलीकडच्या यंत्राला फक्त जेपीजी चालत होते. मुदत रात्री बारापर्यंत. मी एकेका फोटोवर टिचकी मारून ई खोडत होतो. त्यातच आई मोबाइल घेऊन आली. नातवाने हौसेने पडद्यावरची सगळी चित्रे एकाच रंगाची करून दिली होती. तिचा हिरवा गोळा हरवला होता. मी तिच्यावर खेकसलो.

एवढ्यात एक जुना विद्यार्थी फराळाला आला. हा मुलगा जन्मांध. आता नोकरी करतो. त्याला पाहिले की मला थोडे अवघडल्यासारखे होते, आणि त्याला कारण आहे. तो सातवीत असताना संगणकाच्या तासाला मी त्याला मागच्या बाकावर बसवीत असे. "हे डोळ्यांचं काम आहे बाळ, तू नुसता ऐक," असे म्हणे. त्यात कठोरपणा नव्हता. पण मी दुसरा विचारही केला नव्हता.

माझी अडचण ऐकून तो म्हणाला, "सर, यंत्र इकडे द्या." आपल्या पिशवीतून त्याने एक पेनड्राइव्ह काढला. त्यात एनव्हीडीए होते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. मायकेल करन ह्या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने ते २००६ साली लिहायला घेतले. माझे यंत्र घडाघडा बोलू लागले. अर्जाच्या पानावर मात्र ते नुसते "बटण, बटण, बटण" म्हणत सुटले. ज्यांनी ती सुबक चित्रे काढली होती त्यांनी त्यांच्यामागे नावेच लिहिली नव्हती.

"चित्रांचं आमच्यासाठी हे असं असतं," तो हसून म्हणाला, आणि त्याने काळी खिडकी उघडली. माझी जुनी काळी खिडकी! रेन, तारा टिंब जेपीईजी, तारा टिंब जेपीजी. एक ओळ. १८६ शेपटे एका दमात तुटली. त्याने पडद्याकडे तोंडसुद्धा केले नव्हते.

"हे कुठं शिकलास?"

"तुमच्याकडं, सर. वीज गेली की तुम्ही तुमची वही वाचून दाखवायचात. बाकीची पोरं कंटाळायची. मला तेवढाच तास कळायचा."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच. वीज असेल त्या दिवशी ह्या पोराला मी काहीच शिकवले नव्हते.

आईने तेवढ्यात मोबाइल त्याच्या हातात कोंबला. "माझा हिरवा गोळा शोधून दे रे बाबा."

"आजी, हिरवा म्हणजे कसला?" तो म्हणाला. आई जीभ चावून गप्प बसली. त्याने आवाजाची दोन्ही बटणे क्षणभर दाबून धरली, कुठेसे काही चाचपले आणि तिचे बोट धरून पडद्यावर टेकवले. "आता नुसतं फिरवा."

आईने बोट फिरवले. "घड्याळ," मोबाइल मराठीत म्हणाला. "कॅमेरा. फोटो. व्हॉट्सॲप."

आईने बोट उचलून हनुवटीला लावले आणि माझ्याकडे पाहिले.

"ह्याला वाचता येतंय की रे! मग इतके दिवस मेला बोलला का नाही?"