घरखर्चातले माइल आणि वऱ्हाडातून आकाशाची वाट

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून अलायन्स एअरची मुंबईची विमानसेवा सुरू झाली. तोवर वऱ्हाडातल्या माणसाचा विमानप्रवास नागपूरहूनच सुरू व्हायचा. अमरावतीहून दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी असूनही नियमित प्रवासी विमान नाही. धावपट्टी वाढवायची तर शेजारच्या कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा प्रश्न येतो. तरी विमान आता आपल्या घरांना परकं राहिलेलं नाही. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाची लेक मुंबईला, आणि अम्मी-अब्बांच्या उमऱ्याची इच्छा तर प्रत्येक घरात. त्यासोबत एक नवा शब्दही आला आहे: माइल. कार्ड विकणारा म्हणतो, ‘किराणा भरा आणि फुकट उडा.’ या ‘फुकट’चा हिशेब आपल्याच बाजारापासून मांडून पाहू.

माइल म्हणजे विमान कंपनीने आपल्या नावावर जमा केलेले गुण. पुरेसे साठले की त्यावर तिकीट काढता येतं. ते दोन वाटांनी मिळतात. एक, प्रत्यक्ष विमानप्रवासातून. एअर इंडियाची ‘महाराजा क्लब’ आणि इंडिगोची ‘ब्लूचिप’ योजना यासाठीच आहेत; सदस्य व्हायला पैसे लागत नाहीत आणि क्रेडिट कार्डही लागत नाही. दोन, कार्डावरच्या खरेदीतून.

अकोल्याच्या ताजनापेठेत किंवा अमरावतीच्या इतवाऱ्यात फिरलं तर दुसऱ्या वाटेची मर्यादा लगेच कळते. आपला बराचसा खर्च रोखीने किंवा यूपीआयने होतो, आणि बँक खात्यातून यूपीआय केलं की बहुधा माइल मिळत नाहीत. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण दुकानदाराचा क्यूआर व्यापारी खात्याचा असेल तरच ते चालतं. गल्लीतल्या किराणावाल्याचा क्यूआर त्याच्या स्वतःच्या खात्याचा असेल, तर चालत नाही. मग उरतं काय? औषधं, वीजबिल, रिचार्ज, मुलांची फी, मोठ्या दुकानातलं सामान. त्यातही काही कार्डं फी आणि बिलांवर कमी गुण देतात, काही अजिबात देत नाहीत. अटी आधी वाचाव्यात.

आता आकडे. समजा एखादं घर महिन्याला २५,००० रुपये कार्डाने भरतं आणि शंभर रुपयांना एक माइल मिळतो. वर्षाला ३,००० माइल झाले. एका माइलची किंमत पन्नास पैसे धरली तर १,५०० रुपये. कार्डाची वार्षिक फी १,००० असेल तर जीएसटीसह १,१८० गेले. वर्षभराच्या खटाटोपातून हाती उरले ३२० रुपये! म्हणजे घरखर्च बेताचा असेल तर फी नसलेलं कार्डच परवडतं.

याच घराने एका महिन्यात २०,००० रुपये थकवले तर? महिन्याला साडेतीन टक्के दराने ७०० रुपये व्याज, त्यावर १२६ रुपये जीएसटी. एका चुकलेल्या तारखेत अडीच वर्षांची बचत गेली. शिवाय बिलावर ठळक छापलेली ‘किमान रक्कम’ भरली म्हणजे सुटलो असं नाही. उरलेल्या रकमेवर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

आपल्या घरांसाठी हा प्रश्न पैशापुरता नाही. कार्डाच्या करारातच व्याजाची अट असते, म्हणून काही उलमा असं कार्ड घेणंच टाळायला सांगतात. काही जण पूर्ण रक्कम मुदतीत भरण्याच्या अटीवर मुभा देतात. आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारूनच पाऊल टाकावं. बैतुल्लाहच्या वाटेचं तिकीट व्याजाच्या पैशातून निघू नये, एवढी काळजी तर कुणीही घेईल.

अकोल्याहून अमरावतीकडे निघालं की मूर्तिजापूरच्या बाजूने जाणारा महामार्ग लागतो. याच मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. वाटेत पेट्रोल पंप लागतात. अनेक कार्डांवर इंधनाच्या खर्चाला माइल मिळत नाहीत, आणि गुणांसाठी टाकी भरून उगाच फिरणं हा तर सरळ इस्राफच. जो खर्च एरवीही होणार होता, तेवढ्याच खर्चाचे माइल आपले. माइलसाठी वाढवलेला खर्च म्हणजे तोटा.

बेलोऱ्याला पोचलं की एक गोष्ट लक्षात ठेवावी. अलायन्स एअर २०२२ पासून एअर इंडियापासून वेगळी आहे. त्यामुळे या विमानाच्या तिकिटावर महाराजा क्लबचे गुण मिळतील असं गृहीत धरू नये. जवळच्या प्रवासाचं तिकीट स्वस्त मिळत असेल तर तिथे पैसेच द्यावेत. माइल महागड्या तिकिटासाठी राखावेत. हिशेब सोपा आहे. रोखीचं भाडं ९,००० आहे. माइलवर तेच तिकीट १०,००० माइल आणि १,५०० रुपये करात पडतं. म्हणजे ७,५०० रुपये वाचले; एका माइलला ७५ पैसे मिळाले. पन्नास पैशांहून कमी मिळत असतील तर थांबावं. कर मात्र खिशातूनच जातो, म्हणून ‘फुकट तिकीट’ हा शब्दच खोटा.

उमऱ्याच्या प्रवासात आणखी काळजी हवी. टूरवाल्याच्या गटाच्या तिकिटावर पुष्कळदा माइल मिळत नाहीत किंवा कमी मिळतात. पैसे देण्याआधी विचारून घ्यावं. सौदिया आणि एअर इंडिया वेगवेगळ्या जागतिक गटांत आहेत, त्यामुळे सौदियाने केलेल्या प्रवासाचे माइल महाराजा क्लबात येतील असं समजू नये. घरातल्या प्रत्येकाचं खातं त्याच्या पासपोर्टवरच्या नावाने काढावं आणि सदस्य क्रमांक तिकीट काढतानाच द्यावा. माइल जमा होईपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवावा. मक्का-मदिनेत भारतीय कार्ड वापरलं तर परकीय चलनाचा अधिभार लागतो. तो बहुधा मिळणाऱ्या माइलपेक्षा जास्त असतो. तिथल्या खर्चासाठी रियाल सोबत न्यावेत.

आणि माइल साठवून ठेवण्याची हौस नको. त्यांना मुदत असते, आणि कंपनी तिकिटाचा भाव कधीही वाढवू शकते. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. त्यानंतर जेटच्या तिकिटाच्या आशेने माइल जमवणाऱ्यांना ते तिकीट काही मिळालं नाही. बँकेचे गुणही तिकिटाची जागा दिसल्यावरच विमान कंपनीकडे वळवावेत, कारण एकदा वळवले की ते सहसा परत येत नाहीत.

वऱ्हाडातल्या बेताच्या घराला माइल उमऱ्याला नेणार नाहीत. तिथे नेते ती महिन्याच्या महिन्याला बाजूला टाकलेली हलाल कमाई. प्रवास ठरला असेल तर मोफत सदस्य व्हावं, मिळतील ते माइल घ्यावेत आणि वेळेत वापरावेत. अम्मीच्या मुंबईच्या एका फेरीचं भाडं त्यातून हलकं झालं, तरी पुष्कळ झालं.