त्या पिक्चरमधल्यासारखा

१२ फेब्रुवारी २०१० ला 'माय नेम इज खान' प्रदर्शित झाला आणि आमच्या नातेवाईकमंडळींना माझ्या मुलाला काय आहे ते एकदम समजलं! तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याआधी 'ॲस्परगर' हा शब्द समजावून सांगताना माझ्या तोंडाला फेस यायचा. कुणाला त्यात बर्गर ऐकू यायचं, तर कुणी म्हणायचं, "अगं, याचे आजोबाही असेच घुमे होते, होईल मोठेपणी नीट." पिक्चर आला आणि फोन सुरू झाले. "शाहरुख खानला आहे तेच ना गं?" शाहरुखला नाही हो, त्यातल्या रिझवानला आहे... पण असो. निदान शब्द तरी घरोघरी पोचला. त्याबद्दल मी करण जोहरची मनापासून आभारी आहे.

पण शब्दाबरोबर रिझवानही घरी आला, त्याची पंचाईत झाली. रिझवानला पिवळ्या रंगाची भीती वाटते. त्या वर्षी दसऱ्याला आमच्या मावशीने दाराला झेंडूचं तोरण लावायच्या आधी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "त्याला चालेल ना?" मावशीच्या मायेला तोड नाही. पण माझा मुलगा आठवड्यातून चार दिवस पिठलं खातो. त्याला झेंडू चालतो, हळद चालते, कुकरची शिट्टी मात्र अजिबात चालत नाही. ती होणार असेल तर मी आधी हाक मारून सांगते, आजही.

दुसरा प्रश्न तर अजून चालू आहे. "याच्याकडे काय स्पेशल आहे?" ही १९८८ च्या 'रेन मॅन'ची देणगी. त्यात डस्टिन हॉफमन जमिनीवर सांडलेल्या टूथपिक्स एका नजरेत मोजतो, २४६! हे पात्र ज्याच्यावरून सुचलं त्या किम पीकची स्मरणशक्ती अचाट होती, पण त्याला ऑटिझम नसावा असंच पुढे मत झालं. अशी विलक्षण देणगी ऑटिझम असलेल्यांपैकी फार थोड्यांकडे असते. माझ्या मुलाला पुण्यातल्या बसचे पुष्कळ मार्ग पाठ आहेत, कारण त्याला बस आवडतात. बस्स. पाहुणे म्हणतात, "एखादं मोठं गणित घालू का?" तो म्हणतो, "नको." मला ते उत्तर फार आवडतं.

सिनेमावाल्यांची अडचण मला कळते. तीन तासांत प्रेक्षकाला जिंकायचं असतं. म्हणून रिझवान अमेरिकाभर फिरतो, पुरात अडकलेल्या गावाला मदत करतो, राष्ट्राध्यक्षांना भेटतो. तेव्हा कुठे सगळे टाळ्या वाजवतात. पण माझ्या मुलाने काय काय केलं की त्याला चारचौघांत जागा मिळेल? त्याने काहीच थोर केलं नाही, नुसती नोकरी केली, वेळेवर जेवला, वीजबिल भरलं, तर चालेल ना? आईला खरं तर एवढंच विचारायचं असतं.

म्हणून मला २००९ चा 'ॲडम' जास्त भिडला. ह्यू डॅन्सीचा ॲडम न्यूयॉर्कमध्ये वडिलांबरोबर राहणारा इंजिनिअर. पिक्चर सुरू होतो तेव्हा वडील नुकतेच गेलेले असतात. आम्हा आईबापांच्या डोक्यातला पिक्चर जिथे संपतो आणि पुढचं बघायची हिंमत होत नाही, तिथूनच हा सुरू होतो. शेवटी ॲडम आणि त्याची मैत्रीण वेगळे होतात, पण तो नव्या गावी, नव्या नोकरीत उभा राहतो. मी तेव्हा ढसाढसा रडले होते. बरं वाटून.

आणि त्याच वर्षीचा 'मेरी अँड मॅक्स'. मातीच्या बाहुल्यांचा ॲनिमेशनपट. ऑस्ट्रेलियातली छोटी मेरी आणि न्यूयॉर्कचा मॅक्स यांची पत्रमैत्री. मेरी मोठी होऊन मॅक्सच्या ॲस्परगरवर पुस्तक लिहिते. मॅक्स इतका दुखावतो की टाइपरायटरची 'एम' ही कळ उपटून तिला पाठवून देतो. हा पिक्चर मी मुलाबरोबर पाहिला. त्याचा एकच प्रश्न होता, "तिने आधी विचारलं का नाही?"

तेव्हापासून मी विचारते. हा लेखही त्याने वाचलाय. आता तो २२ वर्षांचा आहे. नाव घालायचं नाही, ही त्याची अट. आणि 'पिठलं पाच दिवस' असं लिहिलं होतं ते त्याने चार केलं.

दरम्यान तो शब्दच गेला. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नव्या नियमावलीत 'ॲस्परगर' हे वेगळं निदान राहिलं नाही, ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये मिसळलं. २०१८ मध्ये हान्स ॲस्परगर यांचा नाझींच्या बालहत्येच्या योजनेशी संबंध दाखवणारं संशोधन आलं, तेव्हापासून मलाही तो शब्द नकोसा झाला. मुलगा स्वतःला सरळ 'ऑटिस्टिक' म्हणतो. जून २०२५ मध्ये 'सितारे जमीन पर' आला. त्यात अशा भूमिका अशाच दहा जणांनी केल्या आहेत, कुणा स्टारने मान वाकडी करून नव्हे. पिक्चर गोड आहे, जरा जास्तच गोड. पण ते चेहरे खरे आहेत.

तर मंडळी, दिवाळीला घरी याल तेव्हा शाहरुख विसरून या. त्याला "आठवतंय का मी कोण?" विचारू नका, गणितं घालू नका. कुठल्या बसने आलात ते सांगा. आणि तो बोलेपर्यंत थोडं थांबा. वेळ लागतो, पण तो बोलतो.