राखीव जागेची बत्तीस वर्षे

बुलढाणा लोकसभा मतदारसंघ १९७७ पासून २००९ पर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होता, हे आज पंचविशीतल्या पोरांना सांगितलं तर त्यांना नवल वाटतं. या काळात नऊ निवडणुका झाल्या. मराठा, माळी, वंजारी, बंजारा, मुसलमान, मारवाडी, सगळ्यांनी नऊ वेळा दलित उमेदवाराच्याच नावापुढे शिक्का मारला किंवा बटण दाबलं. दुसरा पर्यायच नव्हता. पण त्या सक्तीने आमच्या गावांत जे घडवलं, ते नंतर कुणाला राजीखुशीने घडवता आलं नाही, असं माझं मत आहे.

१९७७ ला रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गवई निवडून आले. १९८० ला काँग्रेसचे बाळकृष्ण वासनिक आणि १९८४ ला त्यांचे चिरंजीव मुकुल वासनिक खासदार झाले. मुकुल तेव्हा अवघे पंचवीस वर्षांचे, त्या लोकसभेतले सर्वांत तरुण. १९८९ ला भाजपचे सुखदेव काळे. पुढे १९९१ आणि १९९८ ला पुन्हा मुकुल वासनिक, तर १९९६, १९९९ आणि २००४ ला शिवसेनेचे आनंदराव अडसूळ. पक्ष चार बदलले, जागा तीच राहिली.

आमचं गाव घाटावरचं, चिखली तालुक्यातलं. प्रचाराची जीप धुरळा उडवत आली की आम्ही पोरं कागदी बिल्ल्यांसाठी तिच्या मागे धावायचो. उमेदवार आधी पाटलांच्या वाड्यावर जायचा. त्याच वाड्यात आमच्या बौद्धवाड्यातली माणसं पायरीशी उभी राहून बोलायची आणि पाणी वरून ओंजळीत घ्यायची. उमेदवारासाठी मात्र आत सतरंजी पडायची, लोड मांडला जायचा, कपबशीतून चहा यायचा. लोडाला टेकलेला माणूस आणि पायरीशी उभी असलेली माणसं एकाच समाजाची आहेत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तोंडाने कुणी काही बोलत नसे. एका निवडणुकीच्या वेळी बौद्धवाड्यातले एक म्हातारे उमेदवारासोबत आत आले आणि सतरंजीवर बसले. त्यांना कुणी उठवलं नाही. पुढच्या वेळी ते उमेदवार नसतानाही आत बसले.

ते दिवस समतेचे नव्हते. पाणवठे वेगळे होते, स्मशानं वेगळी होती, आणि नव्या खासदाराने त्यातलं फारसं काही हलवलं नाही. पण मताने हे बदलेल, एवढा भरवसा मात्र माणसांच्या बोलण्यात होता. मतमोजणीच्या रात्री रेडिओभोवती वाड्यातली आणि बौद्धवाड्यातली माणसं एकाच ओट्यावर बसायची. आज वेगळा पाणवठा सांगायची कुणाला हिंमत होणार नाही, पण तो ओटाही राहिला नाही.

महाराष्ट्राने असली आशा अमेरिकेच्या आरशात फार पूर्वीपासून पाहिलेली आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं. १९८३ साली हॅरॉल्ड वॉशिंग्टन शिकागोचे पहिले काळे महापौर झाले. पुढच्याच वर्षी आमच्याकडे मुकुल वासनिक निवडून आले. काळा महापौर निवडून आल्यावर क्लीव्हलँड, डेट्रॉइट, शिकागो या शहरांत काळ्यांच्या मोहल्ल्यांना जे वाटलं असेल, त्यातलं थोडं आमच्या बौद्धवाड्याला वाटलं होतं : आपला माणूस तिथे पोचला, आता आपल्या गल्लीचं काहीतरी होईल. त्या शहरांत कारखाने बंद पडत गेले, गोरी कुटुंबं उपनगरांत निघून गेली, करवसुली घटली. महापौर आपला होता, पण तिजोरी रिकामी होती. आमचा खासदारही दिल्लीत होता आणि खामगाव-जालना रेल्वेमार्ग मात्र कागदावरच राहिला.

त्या रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. सर्वेक्षणं झाली, प्रत्येक निवडणुकीत आश्वासनं मिळाली, रूळ अजून पडायचा आहे. घाटाखाली पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पाचा खर्च काहीशे कोटींवरून हजारो कोटींवर गेला, आणि शेतकरी पाण्याची वाट पाहतोच आहे. २००६ साली पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पॅकेज दिलं, त्या सहा जिल्ह्यांत बुलढाणाही होता.

वासनिक नागपूरचे, अडसूळ मुंबईचे. त्यामुळे ‘पार्सल उमेदवार’ ही तक्रार तेव्हा घरोघर होती. २००९ ला जागा खुली झाली आणि लोक म्हणाले, आता आपला माणूस. प्रतापराव जाधव जिल्ह्यातलेच. ते २००९ पासून सलग चार वेळा निवडून आले, २०२४ ला केंद्रात राज्यमंत्रीही झाले. पण याच २०२४ च्या निवडणुकीत शेतकरी नेते रविकांत तुपकर अपक्ष उभे राहिले आणि अडीच लाखांच्या आसपास मतं घेऊन गेले. मागे पक्ष नसलेल्या माणसाला इतकी मतं पडतात, तेव्हा लोक सगळ्याच पक्षांना काहीतरी सांगत असतात. मेहकरच्या बाजारात एका कास्तकाराने मला सांगितलं, ‘भाऊ, निवडून आला का थो आपला नाही राह्यत. मंग तो कोन्या जातीचा हाय हे इचारून का फायदा?’ तरी गावातला प्रत्येक कार्यकर्ता पहिला हिशेब मांडतो तो जातीचाच. २०२५ च्या जुलैत बुलढाण्याच्या आमदारांनी मुंबईत आमदार निवासाच्या उपाहारगृहातल्या कर्मचाऱ्याला मारल्याची चित्रफीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. ती पाहताना मला जिल्ह्याची लाज वाटली.

मग माणसांचा विश्वास गेला कुठे? थोडा शेगावला गेला. गजानन महाराज संस्थानात वर्षानुवर्षं पाळीने सेवा द्यायला येणारे सेवेकरी पाहा. तो सगळा कारभार शिवशंकरभाऊ पाटलांनी उभा केला, कुठल्या व्यासपीठाचा हव्यास न धरता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते गेले तेव्हा घाटावर-घाटाखाली लोक आपल्या घरातलं माणूस गेल्यासारखे हळहळले.

आणि थोडा सैलानीला. पिंपळगाव सराईजवळच्या या दर्ग्याची यात्रा होळीपासून भरते. नारळांची होळी पेटते, उंटिणीवरून संदल निघतो. लहानपणी आमच्या घरचा नारळ तिथे शेजारच्या मुसलमान चाचांच्या बैलगाडीतून जायचा आणि चाची येताना आईसाठी रेवड्या आणायची. आज यात्रा त्याहून मोठी भरते. हिंदू अजून जातात, अगदी मनापासून जातात. पण गावात परतल्यावर तीच माणसं मोबाइलवर शेजाऱ्याबद्दल जे पुढे पाठवतात, ते वाचवत नाही. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी गावातून पोलिसांचं संचलन निघतं आणि दोन्हीकडचे नेते शांततेचं आवाहन करतात. पूर्वी ते काम चाचांसारखी माणसं ओट्यावर बसून करायची, आवाहन हा शब्दही न वापरता.

राखीव जागेच्या त्या बत्तीस वर्षांची नोंद कुठे नाही याचं मला फार वाईट वाटतं. निकालाचे आकडे मिळतात. पण चिखली-मेहकरकडच्या कुठल्या वाड्यात पहिल्यांदा कोण सतरंजीवर बसलं, कोणत्या पाटलाने स्वतः जीपमध्ये बसून दलित उमेदवाराचा प्रचार केला, कुणी त्याच्यासोबत जेवायचं टाळलं, हे कुठे लिहिलेलं नाही. १९७७ ला पहिलं मत दिलेली माणसं आता सत्तरीच्या आसपास आहेत. बुलढाण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने पोरांना वही घेऊन त्यांच्याकडे पाठवावं, बौद्धवाड्यातही आणि वाड्यावरही, आणि हे काम पुढच्या पावसाळ्याच्या आत सुरू व्हावं.