धानाच्या पायाशी

ऑक्टोबर सरत आला की मौद्याच्या आसपासच्या बांध्यांमधलं धान पिवळं पडू लागतं. कापणीला आठ-पंधरा दिवस असतात आणि खालच्या चिखलातली ओल अजून गेलेली नसते. त्या दिवसांत शेतकरी उभ्या धानात शिरतो आणि मूठमूठ जवस फेकत जातो. त्यासाठी नांगर नाही, वखर नाही, वेगळं पाणी नाही. या रीतीला उतेरा म्हणतात. लाखोळीही अशीच पेरतात. धान कापून खळ्यावर जाईपर्यंत जवस खाली उगवलेला असतो, विळ्याच्या पात्याखालून वाचलेला. मग उरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर तो एकटा वाढतो.

जवसाचा स्वभाव समजून घ्यायचा तर इथूनच. तो काही मागत नाही. दुसऱ्याच्या जागेत येतो, पण घरधन्याचं पोटभर झाल्यावर जे उरतं तेवढ्यावरच राहतो.

दिसायला अगदी साधा. दीड-दोन हात उंची, काडीएवढा देठ, बारीक पानं. मात्र पौषात फुलला की डोळे ठरत नाहीत. पाच पाकळ्यांचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपार कलेपर्यंत पाकळ्या गळून जातात, म्हणून जवसाचं शेत पाहायचं तर सकाळीच गेलं पाहिजे. फुलामागे वाटाण्याएवढी गोल बोंडी धरते. तिच्या आत पाच खण असतात आणि प्रत्येक खणात दोनच दाणे, म्हणजे एका बोंडीत फार तर दहा. दाणा चपटा, तपकिरी, इतका गुळगुळीत की मूठ घट्ट केली तरी बोटांतून निसटतो.

विदर्भाच्या स्वयंपाकघरात त्याची ओळख चटणीची. जवस खमंग भाजायचा, तो तडतडू लागला की उतरवायचा, लाल मिरची, लसूण, जिरं आणि मीठ घालून कुटायचा. भाकरीवर ही चटणी आणि वर तेलाची धार, इतक्यावर मजुरीला जाणाऱ्या माणसाची दुपार निघाली आहे. घाणीतून तेल निघाल्यावर उरायची ती ढेप गाईम्हशींच्या पुढ्यात जायची. ढेप खाणारी म्हैस दूध चांगलं देते, हे गावात कोणालाही विचारा. म्हणजे पेल्यातल्या दुधामागे जवस आधीपासून उभा होता, फक्त म्हशीच्या आड. आता तो थेट पेल्यात येतो आहे, आणि मला त्याचाच आनंद सांगायचा आहे.

कन्हानच्या काठचं मौदा गेल्या काही वर्षांत झपाट्यानं बदललं. औष्णिक वीज केंद्र आलं, भंडारा रोड रुंद झाला, पाळीच्या नोकऱ्या आल्या. धानाची तीच माणसं, दोन वेळचा तोच भात, पण अंगमेहनत कमी झाली. शुगर निघाली नाही असं घर आता शोधावं लागतं. दवाखान्यातून परतताना माणूस एक वाक्य घेऊन येतो: साखर बंद, केळ्याचं शेक बंद. कोणाला दूधच पचत नाही, पोट फुगतं. मग कोणीतरी नागपूरहून बदामाच्या दुधाचं खोकं आणतं. त्याची किंमत पाहून घरातली बाई ते जपून जपून वाढते.

त्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. बहुतेक खोक्यांत पाणीच पाणी असतं आणि बदाम शेकडा दोन-चारच. इतक्या पातळ द्रवाला दाटपणा यावा म्हणून त्यात डिंक घालतात, पुष्कळदा गवारीच्या बियांचा. साखर घातलेलं असेल तर पथ्य तिथेच मोडलं. ओटच्या दुधाची गोष्ट वेगळी. ते करताना विकरं घालून स्टार्चची साखर केली जाते, म्हणून ते वरून साखर न घालताही गोड लागतं. आणि तांदळाचं दूध? धानाच्या मुलखात ते फुकटात होईल, पण त्याच्या पेल्यात वीस ग्रॅमच्या वर कर्बोदकं जातात. शुगरवाल्यानं ज्या भातावरून उठायचं, तोच पातळ करून पिण्यासारखं ते आहे.

दाटपणाच हवा असेल तर जवस आपला डिंक अंगावर घेऊनच जन्मतो. दाण्याच्या सालीत तो असतो. पाण्यात टाकलं की साल तो सोडू लागते आणि जरा वेळानं पाणी बोटाला चिकटून तार धरतं. शंभर ग्रॅम जवसात एकोणतीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, पण त्यातली सत्तावीस ग्रॅम निव्वळ तंतू, ज्यांची रक्तात साखर होत नाही. बाकी बेचाळीस ग्रॅम स्निग्धांश आणि अठरा ग्रॅम प्रथिनं. केळं शेकला जो मऊपणा देतं तो साखरेसकट देतं. जवस तोच मऊपणा साखरेवाचून देतो. वर हा डिंक अन्नातली साखर रक्तात उतरण्याचा वेगही थोडा धीमा करतो.

माझ्या मामीनं हे सगळं आकड्यांशिवाय ओळखलं होतं. मामांची शुगर निघाली तेव्हा तिनं मूठभर शेंगदाणे रात्री भिजवले, सकाळी ते पाणी फेकून ताज्या दीड पेला पाण्यात वाटले आणि फडक्यातून गाळले. ते दूध मंद आचेवर हलवत पाच-सात मिनिटं उकळलं. न हलवलं तर ते बुडाला धरतं आणि उतूही जातं. वेगळ्या भांड्यात एक चमचा अख्खा जवस कपभर पाण्यात शिजवून गरम असतानाच गाळला, कारण थंड झाल्यावर तो गाळणीतून उतरत नाही. खाली जमलं ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं पारदर्शक, दाट. दोन्ही निवल्यावर एका आवळ्याच्या फोडी, वेलची आणि मिठाची कणी घालून मिक्सरमध्ये फिरवलं. वर फेस आला, आणि फेस बसल्यावरही पेला दाटच राहिला.

“शेंगदाण्याच्या दुधाले साय नसते बाबू,” ती म्हणाली, “म्हणून याले साय जवसानं देली.”

असा पेला पाच ग्रॅमच्या आसपास पचणाऱ्या कर्बोदकांत बसतो. दूध, एक केळं आणि दोन चमचे साखर यांचा शेक चाळिसाच्या घरात जातो. आवळा नको असेल तर काकडी आणि पुदिना, किंवा दालचिनी आणि साखर नसलेला कोको. संत्र्याचा हंगाम असेल तर नागपूर जिल्ह्यात राहून संत्र्याला अजिबात नाही म्हणणं जड जातं. दोन फोडी चालतात, सबंध संत्र्याचा रस नको. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी भिजवून सोललेले बदाम घ्यावेत, किंवा ओल्या नारळाचं दूध पातळ करून.

गाळून फक्त डिंक घेतला तर जवसाचं तेल आणि बरेचसे तंतू मागे राहतात, म्हणून मामी गाळलेले दाणे चटणीत घालते. सबंध जवसच पोटात जायला हवा असेल तर तो हलका भाजून, पूड करून, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून पेल्यात घालावा. अख्खा दाणा गिळला तर तो जसा गेला तसाच बाहेर येतो. आणि कच्चा खूप खाऊ नये. कच्च्या जवसात सायनाइड सुटू शकेल अशी द्रव्यं थोड्या प्रमाणात असतात, भाजल्यानं ती कमी होतात. जुन्या बायका भाजल्याशिवाय जवसाला कुटत नाहीत, ते नुसत्या खमंगपणासाठी नसावं.

इतका सोशिक जवस एका बाबतीत मात्र तापट आहे. त्याच्या तेलातला अर्ध्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल या ओमेगा-३ चा, आणि ते हवेशी लगेच भिडतं. पूड करून उघडी ठेवली की थोड्याच दिवसांत कडवट, खवट होते. म्हणून पूड आठवड्यापुरतीच करावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये ठेवावी. या तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा बोळा गुंडाळून टाकला तर हवेशी होणाऱ्या क्रियेच्या उष्णतेनं तो आपोआप पेटूही शकतो. याच गुणामुळे तेलाचा थर वाळून कडक पापुद्रा होतो, आणि युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं आपले रंग त्यात कालवले. १८६७ साली नागपूरला रेल्वे पोचली, तेव्हा मध्य प्रांताच्या काळ्या जमिनीतला जवस मुंबईच्या बंदरातून विलायतेला जाऊ लागला, तो तिथल्या रंगांसाठी आणि वार्निशांसाठी. त्याहून कितीतरी आधी नर्मदाकाठच्या नावडाटोलीत, जिथे ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केलं, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतही जवसाचे दाणे सापडले आहेत.

असा जुना, उपयोगी सोबती, आणि सरकारी कागदावर त्याची जागा कोणती? देशातल्या नऊ प्रमुख तेलबियांत तो मोजला जातो, पण सात खाद्य आणि दोन अखाद्य अशी वाटणी होते तेव्हा एरंडाशेजारी अखाद्यांत बसवला जातो. पिढ्यानपिढ्या ज्याची चटणी विदर्भानं खाल्ली, त्याला अखाद्य म्हणणं मला पटत नाही. रब्बीच्या हमीभावाच्या यादीत गहू आहे, हरभरा आहे, मोहरी आणि करडईसुद्धा आहे, जवस नाही. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्यावर वर्षानुवर्षं संशोधन झालं, एनएल-९७ सारखी वाणं तिथून निघाली. पण चांगलं वाण एकटं काय करणार? पेंचच्या कालव्याचं पाणी जिथे पोचलं तिथे शेतकरी गहू, हरभरा, मिरची घेतो. त्याला दोष कसा द्यावा? पाणी मिळालं की माणूस पैशाचं पीक घेणारच. शिवाय जवसाच्या कळीत अंडी घालणारी माशी आहे, ती बोंडी धरूच देत नाही.

पेल्याबद्दल दोन गोष्टी राहिल्या. जवस घेणाऱ्यानं दिवसभर पाणी भरपूर प्यावं, नाहीतर पोट साफ होण्याऐवजी बांधून बसतं. आणि रक्त पातळ करणाऱ्या किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, गोळी आणि पेला यांत दोन तासांचं अंतर ठेवावं, कारण डिंक औषधालाही अडवून धरतो. ओमेगा-३ चंही खरं सांगावं: जवसातल्या ओमेगा-३ पैकी फार थोडाच भाग शरीर माशातल्यासारख्या रूपात बदलू शकतं. जवस औषध नाही. तो चांगलं अन्न आहे, एवढी योग्यता त्याला पुरे.

रोज एक चमचा म्हणजे दहा ग्रॅम धरला तर माणशी वर्षाला साडेतीन-पावणेचार किलो जवस लागतो. चार माणसांच्या घराला पंधरा किलो. उतेऱ्याचा उतारा कितीही कमी आला तरी एवढा जवस घरच्या शेतातून निघतो. मामेभाऊ कालव्याच्या बाजूच्या शेतात मिरची लावतो आणि लावणार. तिथे जवसाचा विषय मामीनं काढलाच नाही. नाल्याकडच्या उतारावरच्या दोन बांध्या, जिथे कालव्याचं पाणी चढत नाही, त्या तिनं मागून घेतल्या. दिवाळीच्या आधी तिथल्या धानात ती स्वतः उतरते, टोपली कमरेला धरून, आणि जवस फेकते.